उसातलं स्टेशन

पुणे–सातारा–सांगली वेगवान रेल्वेमार्ग: वर्गातल्या एका आखणीचा प्रकरण अभ्यास

फळ्यावर मी एवढंच लिहिलं होतं: ‘पुण्याहून सांगलीला दीड तासात पोचायचं आहे. मार्ग आखा.’ शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी, एक सत्र, भिंतभर नकाशे आणि खर्चाला मर्यादा नाही. शेवटची सवलत मुद्दाम दिली होती. पैसे नाहीत म्हटलं की पोरं तिथंच हात टेकतात. पैसे आहेत म्हटलं की डोंगर, नदी आणि माणसं दिसायला लागतात.

मी रुळांवर नोकरी केलेला माणूस. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस सांगलीत शिकवायला जातो. चौघांत एक मुलगी कोरेगावची, दुसरी कराडची, एक मुलगा भिलवडीचा आणि एक पुण्याचा, होस्टेलवर राहणारा. पुण्याच्या मुलाने प्रश्न वाचताच हात वर केला. “सर, मॅग्लेव्ह चालेल?” मॅग्लेव्ह म्हणजे चुंबकाच्या जोरावर, रुळाला न टेकता धावणारी गाडी. म्हटलं, चालेल. उडती गाडी चालेल, जमिनीखालची चालेल, फक्त आकडा मांडून दाखवायचा.

आधी आज काय आहे ते. कोल्हापूर–पुणे वंदे भारत १६ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाली. अंतर ३२६ किलोमीटर, सुरुवातीच्या वेळापत्रकात लागणारा वेळ सव्वापाच तास. भागाकार केला की सरासरी ताशी ६२ किलोमीटर येते. ताशी १६० ने धावू शकणारी गाडी ६२ ने चालते, यात गाडीचा काही दोष नाही. इंग्रजांच्या काळात मीटरगेजसाठी, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांसाठी, शोधलेली वाट आहे ती. कात्रज आणि खंबाटकीचे डोंगर टाळायला रूळ पुण्यातून पूर्वेला जातात, शिंदवणेचा घाट चढून जेजुरी, नीरा, लोणंद करत फिरतात, मग आदर्कीचा घाट चढून वाठारला येतात आणि तिथून साताऱ्याला उतरतात. पुणे–सातारा रस्त्याने ११० किलोमीटरच्या आसपास, रेल्वेने १४५. जेजुरीला जाणाऱ्याची सोय झाली, साताऱ्याला जाणाऱ्याची नाही. म्हणून साताऱ्याचा माणूस आजही एसटी पकडतो आणि शुक्रवारी संध्याकाळी खंबाटकीत अडकतो.

वळणांचा हिशोब कराडच्या मुलीने केला. वेग दुप्पट केला की वळणाची त्रिज्या चौपट लागते. ताशी ११० ला सहाशे-सातशे मीटर त्रिज्येचं वळण चालतं, ३२० ला ती पाच-सहा किलोमीटरवर जाते. तिने सांगितलेलं उदाहरण मी आता दर वर्षी वापरतो: अजिंक्यताऱ्यावर कंपासचं टोक रोवा आणि माहुलीवरून वर्तुळ फिरवा, बुलेट ट्रेनला वळायला एवढं मोठं वर्तुळ लागतं. जुन्या रुळांना डागडुजी करून तो वेग यायचा नाही. नवी वाट हवी, आणि नवी वाट म्हणजे जवळजवळ सरळ रेघ.

चौघांनी पहिल्या आठवड्यात तीच रेघ मारली. महामार्गाला धरून कात्रजच्या पोटातून शिरवळ, खंबाटकीखालून साताऱ्याच्या वाढे फाट्याजवळ, मग उंब्रज, कराड, पेठ नाका आणि पुढे कोल्हापूर. नकाशावर रेघ देखणी दिसत होती. पेठ नाक्याच्या ठिपक्याशेजारी त्यांनी लिहिलं होतं: ‘सांगली’.

भिलवडीचा मुलगा दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “सर, हे सांगली कुठाय? हे पेठ आहे. हितनं सांगली एक्केचाळीस किलोमीटर.”

इथून पुढे आमचा अभ्यास या एका ठिपक्याभोवती फिरला.

पेठ नाक्यावर उतरलेला माणूस

असं स्टेशन जगात आधीच बांधलेलं आहे. पॅरिसहून उत्तरेला जाणारा वेगवान मार्ग आखला जात होता तेव्हा आमिएं शहराने तो आपल्या गावातून न्यावा म्हणून जोर लावला. रेघ मात्र सरळ गेली. आमिएं आणि सँ-कॉन्तँ या दोन शहरांच्या साधारण मध्यावर, दोन्हींपासून चाळीसेक किलोमीटरवर, १९९४ मध्ये एक स्टेशन उघडलं. आजूबाजूला साखरेच्या बीटाची शेतं. फ्रेंच लोकांनी त्याला बारशाला न बोलावताच नाव ठेवलं: बीटाचं स्टेशन. आमच्याकडे बीट नाही, साखर मात्र तीच. कराडच्या मुलीने नकाशावरचं ‘सांगली’ खोडून ‘उसातलं स्टेशन’ लिहिलं, आणि सत्र संपेपर्यंत तेच नाव चाललं.

आता वेळ मोजू. पुणे ते पेठ नवी रेघ १९० किलोमीटर धरली. ताशी ३२० च्या गाडीला पूर्ण वेग घ्यायला पाचेक मिनिटं आणि तेरा किलोमीटर लागतात, थांबायला तीन मिनिटं आणि आठ किलोमीटर. आम्ही सरासरी त्वरण ०.३ आणि मंदन ०.५ मीटर प्रति वर्ग सेकंद धरलं होतं. फलाटावरची दोन मिनिटं मिळवली तर एक थांबा सहा मिनिटांना पडतो. सातारा ते कराड पन्नास किलोमीटर, त्यातले एकवीस वेग घेण्यात आणि सोडण्यात जातात. पोरांच्या पहिल्या यादीत शिरवळ, सातारा, उंब्रज, कराड असे चार थांबे होते. उंब्रज कशाला, असं विचारलं तर कराडच्या मुलीचं उत्तर होतं की तिथे मामाचं घर आहे. हसू आलं, पण खऱ्या मार्गांवरही थांबे असेच वाढतात, फक्त मामा मोठे असतात.

उंब्रज आणि शिरवळ काढले. दोन थांबे धरून पुणे–पेठ ५२ मिनिटं.

मग उतरलेला माणूस जिना उतरून बाहेर येतो, गाडी किंवा एसटी शोधतो, त्यात वीस मिनिटं. पुढे पेठ–सांगली रस्ता. या रस्त्याबद्दल सांगलीकराला मी काय सांगणार. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागून दोन-दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या असतात. एक्केचाळीस किलोमीटरला एक तास पाच मिनिटं धरली, ती उदार मनाने. एकूण दोन तास सतरा मिनिटं. १९० किलोमीटरला बावन्न मिनिटं आणि ४१ किलोमीटरला पासष्ट!

चुंबकाची बाजू

पुण्याच्या मुलाने मॅग्लेव्हची बाजू चांगली मांडली, तीही सांगितली पाहिजे. चाकाची गाडी चढावर रुळाला किती चिकटते यावर तिचा घाट ठरतो. कलोन–फ्रँकफर्ट मार्गावर ४ टक्के चढ आहे आणि वेगवान रेल्वेच्या मानाने तो फार कडक समजला जातो. मॅग्लेव्हला चिकटायचंच नसतं. मोटर गाडीत नसून मार्गात पसरलेली असते, तिच्या सरकत्या चुंबकी लाटेवर गाडी ओढली जाते, म्हणून जर्मनीची ट्रान्सरॅपिड ही मॅग्लेव्ह १० टक्के चढासाठी आखलेली होती. “सर, दहा टक्क्यांनी खंबाटकी चढता येते, बोगदा निम्मा वाचतो.” मुद्दा बिनचूक होता. वेगही ती झटपट घेते. ताशी ५०० आणि तेच दोन थांबे धरून त्याने पुणे–पेठ ३६ मिनिटांत बसवलं. बुलेट ट्रेनपेक्षा सोळा मिनिटं कमी.

त्या सोळा मिनिटांची किंमत बघायला आम्ही शांघायला गेलो, म्हणजे नकाशावर. तिथली मॅग्लेव्ह २००४ पासून रोज चालते, ३० किलोमीटर अंतर आठेक मिनिटांत कापते, वेग ४३१ पर्यंत नेलेला. तंत्र पास झालं यात शंका नाही. पण ती विमानतळावरून निघते आणि शहराच्या मध्यभागी जात नाही, लाँगयांग रोडला थांबते. तिथून पुढे पिशव्या उचलून मेट्रो. कोरेगावची मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे माहुलीच की.” सातारा स्टेशन माहुलीला आहे, गावापासून दूर. रेल्वेने वाचवलेला वेळ रिक्षा परत घेते. शांघायची ओळ पुढे हांगचौपर्यंत न्यायचा बेत होता, तो बांधला गेला नाही. जर्मनीने स्वतःचं हे तंत्र म्युनिकच्या विमानतळासाठी ठरवलं आणि खर्च तीन अब्ज युरोंच्या वर गेल्यावर २००८ मध्ये सोडून दिलं. कोरियाची इंचॉनची संथ मॅग्लेव्ह २०१६ मध्ये सुरू होऊन २०२२ मध्ये थांबली आणि काही वर्षं बंद राहिली. आणि आपल्याकडे २०१८ मध्ये पुणे–मुंबई अर्ध्या तासाच्या आत नेणाऱ्या हायपरलूपच्या, म्हणजे नळीतून धावणाऱ्या गाडीच्या, करारांचे फोटो छापून आले होते. ती कंपनी २०२३ अखेर बंद झाली. नळीतून जायला मीही उत्सुक होतो, खोटं कशाला बोलू.

जपानचं प्रकरण वेगळं, आणि साताऱ्याला ते जास्त जवळचं. तोक्यो–नागोया मॅग्लेव्ह २८६ किलोमीटरची, त्यातली जवळजवळ ८६ टक्के बोगद्यात. त्यांच्या गाडीने २१ एप्रिल २०१५ रोजी ताशी ६०३ किलोमीटर गाठले. पण शिझुओका प्रांतात डोंगराखाली मार्गाचा थोडाच तुकडा येतो, स्टेशन एकही नाही, आणि तिथेच काम अडलं. बोगद्यात झिरपलेलं पाणी ओई नदीचं, नदीवर खालची शेतं आणि गावं अवलंबून, ते पाणी परत कसं देणार ते आधी सांगा, असं म्हणून तिथल्या राज्यपालांनी वर्षानुवर्षं परवानगी रोखली. २०२७ मध्ये गाडी सोडायचं उद्दिष्ट कंपनीला २०२४ मध्ये गुंडाळावं लागलं.

हे सांगून झालं तेव्हा वर्गात कोरेगावची मुलगी सरळ होऊन बसली. तिचं गाव तालुक्याच्या उत्तरेला, वाठारकडचं. उन्हाळ्यात टँकर पाहिलेला, चर खणताना टिकाव धरलेला. आपला डोंगर बेसाल्टचा, म्हणजे लाव्ह्याच्या थरावर थर. खडक घट्ट, पण थरांमधल्या भेगांतून आणि मधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यांतून पाणी आडवं चालतं आणि कुठेतरी झरा होऊन बाहेर येतं. बोगदा अशा पट्ट्याला छेद देऊन गेला की पाणी सोपी वाट धरतं. तिने खंबाटकी रांगेच्या दोन्ही अंगांची गावं नकाशावर घेतली आणि मागणी लिहिली: बोगद्याची रेघ पक्की होण्याआधी दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे विहिरींची पातळी मोजावी, आणि ती वही ग्रामपंचायतीत राहावी, कंत्राटदाराकडे नव्हे. माझ्या नोकरीत असली अट मी कधी घातली नव्हती. घालायला हवी होती.

रेघ सांगलीकडे वळवली तर

पेठचं स्टेशन नको तर कराडच्या पुढे रेघ पूर्वेला वळवा. मार्ग २२० किलोमीटर, दोन थांब्यांसह ५७ मिनिटं. दीड तासाच्या अटीत आरामात बसतं. पुण्याच्या मुलाला वाटलं, सुटलं उदाहरण.

मग भिलवडीच्या मुलाने पेन्सिल हातात घेतली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याचं घर पाण्यात होतं. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद होता, ट्रकच्या रांगा लागल्या होत्या. त्याने आठवणीतली पूररेषा नकाशावर काढली, आम्ही ती छापील रेषेशी ताडून पाहिली आणि रेघेचा मोठा तुकडा निळ्यात गेला. वेगवान मार्ग मातीच्या भरावावर नेला तर तो कृष्णाकाठी आडवा बांध होतो. वरच्या अंगाची गावं त्याला रेल्वे म्हणणार नाहीत, धरण म्हणतील. मोऱ्या ठेवल्या तरी पुरात त्या ऊस, पाचट आणि झाडांनी तुंबतात, हे त्याने पाहिलेलं.

शिवाय काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. खडीच्या मार्गावर गँगमन ठोकून-भरून ते सांभाळतात. ३२० च्या वेगाला काँक्रीटच्या पट्टीवर रूळ बसवले तर खालची जमीन मिलिमीटरांत मोजावी लागते. तैवानमध्ये युनलिनकडे शेतीसाठी पाणी उपसल्याने जमीन बसते आणि वेगवान रेल्वेच्या खांबांची काळजी वाहावी लागते. आपल्याकडेही उपसा काही कमी नाही.

म्हणून हा सगळा भाग खांबांवर, मुरूम-खडकापर्यंत नेलेल्या पायांवर. मुंबई–अहमदाबाद मार्गाचा बराचसा भाग तसाच आहे आणि त्याला पट्टा १७.५ मीटर रुंद लागतो. म्हणजे किलोमीटरला १७३ गुंठे. हायवेवाल्यांच्या मानाने हे कमी आहे. पण बागायतीत गुंठ्याचा भाव ऐकायला बसलात तर चहा दोनदा येतो. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाला सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी केलेला विरोध या पोरांनी घरात बसून ऐकला आहे. खर्चाचं म्हणाल तर मुंबई–अहमदाबादच्या ५०८ किलोमीटरचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा. त्या जुन्या दरानेही आमचे २२० किलोमीटर साडेसेहेचाळीस हजार कोटींच्या पुढे जातात. पैशाला मर्यादा नाही असं मीच म्हटलं होतं, म्हणून पुढे गेलो.

मिरजेचे हमाल

खरी गोष्ट इथे अडली, आणि ती मला शिकवायची होती म्हणून मी थोडा पक्षपाती झालो हे कबूल करतो.

माझं बालपण मिरजेला रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. पुणे–कोल्हापूर १९७१ मध्ये मोठी लाईन, म्हणजे ब्रॉडगेज, झाली. बेळगाव-लोंढ्याकडची गाडी त्यानंतरही दोन दशकं मीटरगेजच राहिली. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जायची ती छोटी ‘बार्शी लाईट’, अडीच फुटी. एका स्टेशनात रुळांची तीन मापं. पुण्याहून आलेलं पोतं बेळगावला जायचं तर मिरजेला उतरायचं, डोक्यावरून पलीकडच्या डब्यात चढायचं. माणसंही तशीच. आषाढीला पंढरपूरला निघालेल्या म्हाताऱ्या बोचकी घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर धावायच्या. हमालांची घरं त्यावर चालली, गावाला चहा-वड्याचा धंदा मिळाला, पण वेळ गेला, माल फुटला आणि चोरीला गेला. मिरज–पंढरपूर मोठी लाईन व्हायला २०१० साल उजाडलं. आणि ती झाली होती म्हणूनच एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला सरळ जाऊ शकली, पहिल्या फेरीत दहा वॅगन, पाच लाख लिटर. छोट्या लाईनवर ते टँकर चढलेच नसते.

आपली मोठी लाईन १,६७६ मिलिमीटरची. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन १,४३५ मिलिमीटरची. मॅग्लेव्हला तर रूळच नाहीत. म्हणजे यातली कुठलीही गाडी सांगलीला आली की तिथेच संपते. तिला बेळगावला, पंढरपूरला, कोल्हापूरच्या जुन्या स्टेशनात जाता येत नाही, आणि तिथली गाडी तिच्या वाटेवर चढू शकत नाही. जपानने यामागातासाठी १९९२ मध्ये जुन्या ओळीचं मापच बदललं, कारण तिथल्या लोकांना फुकुशिमाला उतरून गाडी बदलायची नव्हती. स्पेनने माप बदलत धावणाऱ्या गाड्या बनवल्या. दोघांनीही हमाल टाळायला खर्च केला.

हे ऐकून चौघांपैकी तिघांनी रेघ पुसली. त्यांची अंतिम आखणी अशी: पुणे–शिरवळ–सातारा असा १०० किलोमीटरचा नवा जोडमार्ग, मोठ्या लाईनच्याच मापाचा, दोन मोठे बोगदे, वेग १६० ते २००. माहुलीजवळ तो जुन्या रुळाला मिळणार. पुढे सांगलीपर्यंतच्या १२७ किलोमीटरवर जिथे निभेल तिथे वळणं सैल करायची, फाटकं काढायची. पहिल्या भागाची सरासरी ११० आणि दुसऱ्याची ८५ धरली तर दोन तास पंचवीस मिनिटं. आज वंदे भारतलाही चार तासांहून जास्त लागतात. उसातल्या स्टेशनवरून येणारा माणूस दोन तास सतराला घरी पोचत होता, हा आठ मिनिटं मागे आहे. फरक एवढाच की हा सांगली स्टेशनात उतरतो, आणि त्याच गाडीत बसून शेजारचा बेळगावला जातो. लोणंदकडची जुनी वाट मालगाड्यांना आणि पॅसेंजरला मोकळी राहते, जेजुरीची गाडीही सुटत नाही.

दीड तासाची अट मात्र मोडली. पंचावन्न मिनिटांनी. अहवालाच्या पहिल्याच पानावर त्यांनी ते ठळक लिहिलं, म्हणून मला आवडलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच नेमका प्रश्न विचारला: “नवा मार्ग वाढे फाट्यावरून येतोय, तर साताऱ्याचं स्टेशन गावाजवळ का आणलं नाही? पुन्हा माहुलीच?” कोरेगावच्या मुलीने सांगितलं, फाट्याजवळ आणलं तर सातारकर सुखी, पण कोरेगाव-रहिमतपूरचे लोक जुन्या रुळाने माहुलीला येतात, त्यांना गाडी बदलावी लागेल. परीक्षकांना पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही. पोवई नाक्यावरून दर पंधरा मिनिटांनी बस ठेवली तर जमेल, असं तिचं म्हणणं. ती बस कोण चालवणार याचं उत्तर अहवालात नाही.

पुण्याच्या मुलाने सही केली नाही. त्याने वेगळं टिपण जोडलं: ५७ मिनिटांची वळवलेली रेघच बरोबर, पन्नास वर्षांचा विचार करायचा तर आजच्या रुळाला बांधून घेऊ नये. मी शेरा मारला, ‘मिरजेला एक दिवस पहाटेपासून बसून ये.’ तो खरंच गेला, दिवसभर फलाटावर बसला. परत येऊन मत बदललं नाही. पण टिपणाच्या नव्या नकाशात त्याने सांगली स्टेशन बायपासच्या मोकळ्या जागेतून उचललं आणि मिरज जंक्शनच्या जुन्या फलाटांना लागून, बार्शी लाईटच्या जुन्या यार्डाच्या बाजूला आणून ठेवलं. मधल्या पुलाची रुंदी त्याने दुप्पट केली होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘बोचक्यांसह’.